वाऱ्यावरचे बोलणे

दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाशी बोलणे ही एक कला आहे, आणि बहुतेक संसारांत ती अद्याप कोणाला साधलेली नाही. पुढचा विचारतो, "काय म्हणालीस?" मागची सांगते, "काही नाही!" आणि त्या 'काही नाही'त भाजीपासून घरभाड्यापर्यंत सारे काही असते. पुन्हा विचारावे, तर ती ओरडून सांगते. ओरडून सांगितलेले रागावून सांगितल्यासारखे वाटते. आणि मग उत्तरही त्याच पट्टीत जाते. घरी पोचेपर्यंत भांडण झालेले असते, आणि ते कशावरून झाले हे दोघांनाही सांगता येत नाही. वाचकहो, या भांडणाचा खरा गुन्हेगार वारा आहे. आणि या वाऱ्याला थोडेफार चुकवणारे एक यंत्र घरच्या घरी, चार सुट्या भागांतून, बनवता येते. हेल्मेटमध्ये बसवायच्या या बोलयंत्राला बाजारात इंटरकॉम म्हणतात.

आमच्या विक्रोळीत या विषयाला विशेष महत्त्व आहे. एका अंगाला पूर्व द्रुतगती मार्ग, दुसऱ्या अंगाला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि मधून जोगेश्वरीकडे जाणारा जोडरस्ता, अशा तीन वाहत्या नद्यांच्या काठी आम्ही राहतो. पूर्वी रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली, इंजिन बंद केले, की नवराबायकोचे दोन शब्द होत असत. जून 2025 मध्ये पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल खुला झाला. सोय झाली, पण थांबण्याची जागा कायमची गेली. त्यातच मुंबईत जून 2022 पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालण्याची सक्ती वाहतूक पोलीस करू लागले. कायद्यात, म्हणजे मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 129 मध्ये, ही तरतूद आधीपासूनच होती. डोक्यासाठी ती उत्तमच आहे. परंतु आता दोन डोक्यांच्या मध्ये दोन टणक कवचे आली, आणि उरलासुरला संवादही त्यांत अडकला.

मुक्या खुणांची परंपरा

चालत्या गाडीत बोलता येत नाही, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एस. टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. चालक एका टोकाला आणि वाहक गर्दीत कुठेतरी अडकलेला. दोघांमधला संवाद एका दोरीवर आणि घंटीवर चालत आला. एकदा वाजली तर थांब, दोनदा वाजली तर चल. 'डबल बेल' हा शब्द खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या खेळातही शिरला. मालमोटारीवरचा किन्नर याहून पुढे गेलेला. त्याला घंटीही लागत नाही. तो दारावर थापा मारतो, आणि थापेच्या जोरावरून ड्रायव्हरला कळते की मागे अजून हातभर जागा आहे की बोटभर.

दुचाकीवरची पाठीवरची थाप याच घराण्यातली. भांडुपच्या कारखान्यातून लॅम्ब्रेटा स्कूटरी बाहेर पडू लागल्या, त्या काळात लुगडे सावरून बाजूला पाय सोडून बसलेली गृहिणी नवऱ्याच्या खांद्यावर बोट टेकी आणि स्कूटर थांबे. तिचे तोंड रस्त्याच्या कडेला वळलेले, त्यामुळे शब्द वाऱ्यावर जात. बोट तेवढे पोचे. मात्र थापेला एक मर्यादा आहे. थाप 'थांब' म्हणू शकते, 'चल' म्हणू शकते. 'डावीकडून डंपर आत घुसतो आहे' हे थापेला सांगता येत नाही.

आमच्या कन्नमवारनगरात एक काका राहतात. वायरमन म्हणून कारखान्यात उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा व सूनबाई रोज सकाळी एकाच मोटारसायकलने ठाण्याच्या बाजूला कामाला जातात. त्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. डंपर पाहून सूनबाई ओरडल्या. मुलाला आवाज ऐकू आला पण शब्द कळले नाहीत, म्हणून त्याने ऐकण्यासाठी मान मागे वळवली. दैव बलवत्तर म्हणून हँडल वाचले. संध्याकाळी काकांनी मला हिशेब करून दाखवला. "सर, ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. मान वळवून पुन्हा पुढे आणायला दोन सेकंद धरा. अठ्ठावीस मीटर गाडी आंधळी पळाली! एस. टी.च्या दोन गाड्या एकापुढे एक लावा, त्याहून लांब." त्याच आठवड्यात त्यांनी सोल्डरची काडी बाहेर काढली.

नळीतून आलेला गुरुपदेश

काकांनी ज्या प्रश्नाला हात घातला, तो शंभर वर्षांपूर्वी वैमानिकांना पडला होता. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानात शिक्षक एका खोबणीत व शिष्य दुसऱ्या खोबणीत बसे. इंजिनाच्या गर्जनेत गुरूचे शब्द शिष्यापर्यंत पोचत नसत. 1917 साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने वैमानिक शिक्षणाची नवी पद्धत घालून दिली, आणि त्या शाळेत एक साधी बोलनळी वापरात आली. एका टोकाला तोंडाशी धरायचे नरसाळे, मध्ये रबरी नळी आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी कानांत जाणारी दोन टोके. वीज नाही, बॅटरी नाही. उघड्यावर आवाज चहूकडे पसरतो आणि पातळ होत जातो. नळीत त्याला पसरायला जागाच मिळत नाही, म्हणून तो जवळजवळ तसाच पलीकडे पोचतो. 'गॉस्पोर्ट नळी' या नावाने ती पुढे जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात ज्या टायगर मॉथ विमानांवर असंख्य वैमानिक घडले, त्यांतही हीच नळी होती. अमेरिकेच्या नौदलात तर ती एकमार्गी होती: शिक्षकाने बोलायचे आणि शिष्याने निमूटपणे ऐकायचे. काही घरांत ही योजना नळीशिवायही चालू असते, तो भाग वेगळा!

काकांनी सुरुवात नळीपासूनच केली. औषधांच्या दुकानातून आणलेली लवचिक नळी, दोन छोटी नरसाळी, एक जुना स्टेथोस्कोप. गल्लीत सावकाश फिरताना सूनबाईंचा आवाज मुलाला स्वच्छ ऐकू आला. रस्त्याला लागल्यावर मात्र नळी हलली की तिचीच घरघर कानात येऊ लागली. शिवाय मान वळली की नळी ओढली जाई. नळी कपाटात गेली, आणि काका व मी मध्य रेल्वेने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड करीत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पोचलो. रेडिओच्या सुट्या भागांचा हा बाजार मुंबईच्या हौशी कारागिरांची पंढरीच आहे.

आवाज वाढवणे सोपे, गोंगाट वगळणे कठीण

आता यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. शर्टाच्या बटणाएवढा एक मायक्रोफोन तोंडाशी असतो. इलेक्ट्रेट जातीचा हा मायक्रोफोन 1962 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी शोधला, आणि आज तो प्रत्येक टपरीवर मिळतो. त्यातून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह मोठा करायला एलएम 386 नावाची आठ पायांची काळी चकती वापरतात. ही चकती आवाजाचा विद्युद्दाब वीसपट वाढवते, आणि तिच्या पहिल्या व आठव्या पायांमध्ये एक कपॅसिटर जोडला तर दोनशेपट. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ती चालते. अशा दोन चकत्या, दोन मायक्रोफोन आणि जुन्या हेडफोनमधून काढलेले दोन चपटे स्पीकर; याच्या तोंडचे तिच्या कानात आणि तिच्या तोंडचे याच्या कानात, अशी उलटसुलट जोडणी केली की झाला इंटरकॉम. घरात टेबलाशी बसून हे करायला काकांना एक दुपार पुरली. रस्त्यावर चालण्याजोगे करायला दीड महिना लागला.

कारण वारा! साधे बोलणे हातभर अंतरावरून सुमारे 60 डेसिबल भरते. ताशी 60 किलोमीटर वेगाने हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ढोबळ मानाने 90 डेसिबल होतो, ताशी 100 ला 100 च्या घरात जातो. डेसिबलचा हिशेब व्याजापेक्षाही चढा आहे: दर 10 डेसिबलला आवाजाची शक्ती दसपट होते. म्हणजे 60 आणि 90 यांत हजारपटीचे अंतर! अशा वेळी यंत्राने नुसता आवाज वाढवला, तर ते बोलण्याबरोबर वाराही वाढवून कानात ओतते. काकांच्या पहिल्या यंत्रात नेमके तेच झाले. मुलगा उतरून म्हणाला, "बाबा, समुद्रात बुडाल्यासारखं वाटलं."

यावर तीन उपाय झाले. पहिला अंतराचा. तोंडापासून मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले की शब्दाचा दाब दुप्पट होतो. चार सेंटिमीटरवरून एक सेंटिमीटरवर आणला की चौपट. वारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून मायक्रोफोन ओठांच्या कोपऱ्याशी, जवळजवळ टेकलेला हवा, आणि त्यावर स्पंजची टोपी हवी. हनुवटी झाकणाऱ्या पूर्ण हेल्मेटमध्ये हे साधते. अर्ध्या हेल्मेटमध्ये नाही.

दुसरा उपाय चाळणीचा. वाऱ्याची गर्जना मुख्यतः खालच्या, ढोल्या स्वरांत असते. शब्दांची ओळख पटवणारा भाग वरच्या स्वरांत असतो. टेलिफोनवाल्यांनी हे ओळखून सेकंदाला 300 कंपनांच्या खालचे आणि 3400 च्या वरचे स्वर सोडूनच दिले, आणि तरीही आपण फोनवर माणूस ओळखतो. काकांनी मायक्रोफोन व चकती यांच्या मध्ये कपॅसिटर बदलून बदलून पाहिले. मोठा घातला की आवाज कीर्तनकारासारखा भारदस्त, पण मागे वाऱ्याचा पखवाज. लहान घातला की आवाज पोपटासारखा पातळ, पण शब्द स्वच्छ. अखेर दहा हजार ओहमच्या आवाजाच्या बटणापुढे 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कायम झाला. हिशेब केला तर ही चाळणी सुमारे 300 कंपनांपाशीच छाटते. टेलिफोन कंपन्यांनी ठरवलेल्या आकड्यावर काका टेबलफॅन तोंडासमोर लावून, कानाने पोचले होते.

तिसरा उपाय शेजाऱ्याचा, म्हणजे इंजिनाचा. ॲक्सिलरेटर पिळला की कानात भुंगा चढे, सोडला की उतरे. ही स्पार्क प्लगच्या ठिणगीची करामत. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक बारीकसा वायरलेस संदेशच असतो, आणि उघडी तार तो उचलते. यासाठी जाळीच्या वेष्टनातली शिल्डेड तार वापरली, आणि बॅटरी गाडीची न घेता यंत्राची स्वतंत्र ठेवली. भुंगा गेला.

पाच, सात आणि आठ

मध्यंतरी काकांनी गळ्याला बांधायचा मायक्रोफोनही करून पाहिला. दुसऱ्या महायुद्धात विमानांत व रणगाड्यांत तो वापरला जात असे. तो हवेतला आवाज घेतच नाही. गळ्याची थरथर तेवढी घेतो, त्यामुळे वारा आपोआप बाद होतो. सगळ्यांना वाटले, आता प्रश्न सुटला. पण सूनबाईंनी मागून "पाच नंबरचं गेट" म्हटले आणि मुलगा सात नंबरच्या गेटाशी जाऊन उभा राहिला.

येथे माझ्या विषयाचा संबंध आला. वर्गात घोष आणि अघोष व्यंजने शिकवताना मुले जांभया देतात. पण हा भेद गळ्यातल्याच थरथरीचा आहे. ग, ज, ड, द, ब, म, न, र, ल, व उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात. क, च, ट, त, प, स, श उच्चारताना ते स्वस्थ असतात आणि काम ओठ, जीभ व दात करतात. आता 'पाच' घ्या: दोन्ही बाजूंना अघोष व्यंजने, मध्ये 'आ'. 'सात' घ्या: तेच. 'आठ' घ्या: पुढे 'आ', मागे अघोष 'ठ'. गळ्याच्या मायक्रोफोनला या तिन्हींमधून एक 'आ' तेवढा स्पष्ट मिळतो! आमच्या प्राचीन व्याकरणकारांनी घातलेली ही विभागणी पूर्व द्रुतगती मार्गावर इतकी कामाला येईल, असे मलाही कधी वाटले नव्हते.

जगातही हे ओळखलेले आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1 मार्च 1956 पासून अक्षरांसाठी 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' हे शब्द लागू केले, ते गोंगाटात व निरनिराळ्या देशांच्या जिभांवर टिकतात का हे पारखून घेतल्यावरच. विमानांच्या बोलीत 'नाइन'चे 'नायनर' झाले, ते त्याचा 'फाइव्ह'शी घोटाळा होऊ नये म्हणून.

बाजारातल्या काही यंत्रांत आणखी एक मौज असते. बोलणे सुरू झाले की ती आपोआप जागी होतात, पण जागी होईपर्यंत पहिले अक्षर गिळतात. मग 'उजवीकडे'चे होते 'वीकडे' आणि 'डावीकडे'चेही होते 'वीकडे'. मराठीत दिशेचा सारा अर्थ शब्दाच्या तोंडाशी आहे, आणि शेपटी दोघांची एकच! यावर मी सुचवलेला तोडगा त्या घरात रूढ झाला आहे. आधी एक रिकामा शब्द टाकायचा, मग कामाचा: "ऐक, डावीकडे." आकडे सांगायचे तर बोटांनी खांद्यावर टोचून, जुन्या थापेच्या भाषेत. गळ्याचा मायक्रोफोन निवृत्त झाला आणि ओठांशी असलेला कायम राहिला.

विकतचे आणि घरचे

कोणी विचारील की ब्लूटूथचे तयार संच मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून नाव घेतलेले हे तंत्र उत्तम आहे; दोन वेगळ्या गाड्यांवरच्या स्वारांनी बोलायचे असेल तर त्याला पर्यायही नाही. काही तरुण मंडळी एकाच गाडीवर बसून एकमेकांना मोबाइल लावतात. वीतभर अंतरावरच्या माणसाला सांगायचे शब्द टॉवरपर्यंत जाऊन परत येतात. पण एकाच गाडीवरच्या दोघांना तारेचा संच पुरतो. त्यात जोडणी करण्याची खटपट नाही, शब्द गिळणे नाही, आणि बिघडला तर तो उघडून दुरुस्त करता येतो. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या ज्या विक्रोळीत घडल्या, तेथे 'बिघडले तर उघडून पाहू' ही वृत्ती अजून शिल्लक आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मात्र हौसेला शिस्त हवी, आणि या बाबतीत काकांचे नियम कडक आहेत. हेल्मेटच्या कवचाला भोक पाडायचे नाही. आतले थर्मोकोलचे अस्तर कोरायचे नाही. आघात झाला तर तेच दबून डोके वाचवते. पेट्रोल, थिनर किंवा उग्र वासाचा गोंद आत लावायचा नाही, कारण थर्मोकोल त्याने विरघळते. वेल्क्रोची पट्टी वापरायची. स्पीकर कानासमोरच्या मूळच्या पोकळीतच बसला पाहिजे. बसत नसेल तर तो आणखी चपटा आणायचा, पोकळी वाढवायची नाही. चकती व बॅटरी खिशात, हेल्मेटमध्ये कठीण वस्तू काहीही नाही. दोघांच्या मधली तार पिनेची असावी, जरा ताण पडताच सुटणारी. गाडी घसरली तर तारेने दोघांना एकमेकांत गुंतवता कामा नये. स्पीकर एकाच कानाला, म्हणजे दुसऱ्या कानाला हॉर्न ऐकू येतो. आणि आवाजाचे बटण मोठे करून ठेवायचे नाही. 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी, असा एक मान्य हिशेब आहे. त्याने 100 डेसिबलला पंधराच मिनिटे येतात. बहिरेपणा विकत घेऊन संवाद साधण्यात काय अर्थ?

खालच्या पट्टीतला शब्द

1911 साली एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने एक निरीक्षण मांडले. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस आपल्या नकळत आवाज चढवतो; गोंगाट थांबला की तो आपोआप खाली येतो. त्यात इच्छेचा भाग नसतो. कानाला जे मिळते त्यावर गळा चालतो. आता दुचाकीवरच्या जोडप्याचे दुखणे कळते. वारा आधी हळू बोलले जाणारे शब्द काढून घेतो: "दमलास का?", "थंडी वाजते का?", "सावकाश चल." हे शब्द ओरडून सांगायचे नसतातच, म्हणून ते सांगितलेच जात नाहीत. शिल्लक राहतात ते इशारे आणि तक्रारी, आणि तेही चढ्या आवाजात.

सूनबाईंना मी विचारले, यंत्राने काय बदलले? त्या म्हणाल्या, "सर, आता मी ओरडत नाही. आणि हे मागे वळून बघत नाहीत." दोनच वाक्यांत त्यांनी सांगितले ते माझ्या सगळ्या डेसिबलांना जमले नसते. पण लगेच त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या आठवड्यात दोघे इतके बोलले की मुलाचे रस्त्यावरचे लक्ष उडू लागले. तेव्हा त्यांनीच नियम केला: वळणावर, चौकात आणि अवजड गाडीच्या बाजूने जाताना तोंड बंद, हिशेब, नातेवाईक आणि नोकरीतल्या कटकटी घरी पोचल्यावर. गाडीवर फक्त रस्ता आणि एकमेकांची चौकशी. मला वाटते, हा नियम यंत्राहून मोलाचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी कंदील होतात; कात्री, खळ, कामट्या बाहेर निघतात. त्याच पसाऱ्यात एका कोपऱ्यात सोल्डरची काडी तापवायला हरकत नाही. मुलांना आठ पायांची चकती हाताळायला मिळेल, आणि घोष-अघोष व्यंजनेही एकदाची पाठ होतील. पाडव्याला ओवाळणी काय घालावी, या विवंचनेत असलेल्या गृहस्थांनी तर या सूचनेचा जरूर विचार करावा. मात्र यंत्र चालू झाल्यावर पहिला शब्द तिला बोलू द्यावा. इतकी वर्षे तो वाऱ्यावरच गेला आहे.